सत्तावन्न रिव्हेट: नाथसागरावरच्या एका ॲल्युमिनियम बोटीची दुरुस्ती

पार्श्वभूमी

गंगापूर तालुक्यात जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या, फुगवट्याकाठी एक भोई कुटुंब राहतं. वडील थकले आहेत. थोरला मुलगा मच्छीमार संस्थेचा सभासद आहे आणि रोज जाळं टाकतो. धाकटा वाळूजला कंपनीत आहे, सुट्टीला गावी येतो. गाव आणि नावं मी मुद्दाम गाळली आहेत. माझं वाळूजलाच पत्राकामाचं छोटं वर्कशॉप आहे. धाकट्याची आणि माझी ओळख चहाच्या टपरीवरची, त्या ओळखीतून ही बोट माझ्या गळ्यात पडली.

बोट चौदा फूट लांब, साडेचार फूट रुंद, सगळी रिव्हेटवर, म्हणजे दोन पत्र्यांतून घालून टोक ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळींवर, जोडलेली. कुठल्याशा खात्याची सर्वेक्षणाची बोट भंगारात निघाली तेव्हा वडिलांनी ती लिलावात घेतली. नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळच्या, पट्टीवर काही अक्षरं होती, पण बोटांनी चाचपडून फक्त एक आकडा लागायचा. पंधरा वर्षं तिनं घर चालवलं. मग वडिलांचे गुडघे गेले, थोरल्यानं थर्माकोलच्या तराफ्यावर काम भागवलं आणि बोट बाभळीखाली पडून राहिली. तीही पालथी न घालता, उताणी. दर पावसाळ्यात तिच्यात पाणी साचायचं, बाभळीचा पाला कुजायचा आणि उन्हाळ्यात त्याची खरपुडी तळाला चिकटायची.

ॲल्युमिनियमच्याच बोटीचा एवढा अट्टहास कशासाठी, असं मीही विचारलं होतं. उत्तर नाथसागराच्या आकारात आहे. हे धरण खोल दरीत नाही, सपाट मुलखात आहे. पाणी परातीत ओतल्यासारखं पसरतं आणि ओसरायला लागलं की काठ बघता बघता लांब जातो. 2023 ला पावसानं ओढ दिली आणि 2024 च्या उन्हाळ्यात जिवंत साठा एक आकडी टक्क्यांवर आला. थोरल्याच्या घरासमोर जिथे पाणी असायचं तिथे भेगाळलेला गाळ, आणि पाणी पार पलीकडे चकाकतंय. लोखंडी पत्र्याची होडी अशा गाळातून ओढून नेणं म्हणजे बैलजोडीचं काम. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे या मापाची बोट चार गडी सहज उचलतात. थर्माकोल आणखी हलकं, पण वाऱ्यानं लाट उठली की त्यावर बसलेल्या माणसाचा भरवसा नाही. नाथसागरावर वारा सुटला की तळं समुद्र होतं, हे काठावरच्यांना सांगावं लागत नाही.

अडचण

मी पहिल्यांदा बोट पाहिली ती एप्रिलमध्ये. वरवर ठीक दिसत होती. हात फिरवल्यावर खरी गोष्ट कळली. आधीच्या दुरुस्त्यांचे थर होते: डांबर, त्यावर एम-सील, त्यावर कुणीतरी लावलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. चार ठिकाणी रिव्हेट निघाले म्हणून लोखंडी नटबोल्ट ठोकले होते. त्या प्रत्येक बोल्टभोवती पांढरी भुकटी, आणि भुकटी खरवडली की खाली पत्रा खाल्लेला. पाण्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले की झीज ॲल्युमिनियमची होते. बोल्ट मजेत, पत्रा गेलेला. गोड्या पाण्यात हे खाऱ्यापेक्षा सावकाश होतं, इतकंच.

मागच्या आडव्या तक्त्यात, जिथे इंजिन बसतं तिथे, प्लायवूड होतं. त्यात स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तर टोकाला चहात बुडवलेल्या पावासारखा लगदा.

डाव्या बाजूला एक अंगठ्याएवढं भोक होतं. त्याची कहाणी अशी, की आदल्या वर्षी एका वेल्डरकडे बारीक चीर जोडायला दिली होती. चीर जुळली नाही, भोक पडलं. मी त्या माणसाला दोष देणार नाही, कारण नेहमीचं लोखंडाचं वेल्डिंग करणाऱ्याला ॲल्युमिनियम फसवतं. लोखंड वितळण्याआधी लाल होऊन सांगतं, हे काही सांगत नाही. धातू 660 अंशांच्या आसपास वितळतो, पण त्यावरची ऑक्साइडची साय वितळायला दोन हजारांच्या वर तापमान लागतं. साय फुटेपर्यंत खालचा पत्रा गळून पडलेला असतो.

दोघा भावांची मागणीही एक नव्हती, आणि ती अडचण पत्र्यापेक्षा कमी नव्हती. थोरल्याला जाळं टाकायला, वल्ह्यानं चालणारी, न गळणारी बोट हवी होती. धाकट्याच्या डोळ्यांसमोर मागे इंजिन, रविवारी मित्रमंडळी, थंडीत रोहित पक्षी बघायला फेरी. वडील खाटेवरून म्हणाले, "आधी ती तरंगू तर द्या, मग भांडा."

कोणते पर्याय होते

भंगारात विकायचा पर्याय सगळ्यात सोपा. ॲल्युमिनियमला भाव असतो, भंगारवाला दारात येऊन घेऊन जातो. वडिलांनी तोंड फिरवलं आणि तो विषय मिटला.

दुसरा पर्याय आतून-बाहेरून फायबरचा थर मारण्याचा. संभाजीनगरला पाण्याच्या टाक्या करणारे हे काम करतात, त्यांनी दरही दिला होता. मला ते पटलं नाही. पातळ पत्र्याची बोट लाटेवर वाकते, लवते, रिव्हेटचा सांधा तेवढं हलणं सोसतो. फायबर कडक. वर्ष-दोन वर्षांत तो पत्र्यापासून सुटतो आणि मधल्या फटीत पाणी कोंडतं. कोंडलेलं पाणी दिसत नाही, पत्रा मात्र आतून सडत राहतो.

मग वेल्डिंग, या वेळी नीट, आरगॉन वायूवर टिगनं करणाऱ्याकडून. अंगठ्याएवढ्या भोकाला ते चाललं असतं. पण गळती सांध्यांतून होती, आणि रिव्हेटच्या रांगेला वेल्डिंगची आच दिली की शेजारचे रिव्हेट ढिले पडतात, सांध्यातलं जुनं सीलंट जळतं. एक गळती बंद करताना तीन उघडायच्या.

उरला रिव्हेटचा मार्ग: गळणारा प्रत्येक रिव्हेट शोधायचा, बसेल तो पुन्हा ठोकून बसवायचा, न बसेल तो बदलायचा. मेहनतीचा, वेळखाऊ आणि स्वस्त. आम्ही तो घेतला. मात्र हे काम येणारा माणूस माझ्याकडे नव्हता, आणि ते मला कळायला आठ दिवस गेले.

पहिले आठ दिवस, म्हणजे माझी चूक

मी घाई केली. ग्राइंडरला लोखंडी तारेचा ब्रश लावून तळ चकचकीत केला. दिसायला झकास. मेच्या मध्यात वळवाची एक सर आली आणि तळावर तांबूस ठिपके उठले. ब्रशच्या तारेचे कण मऊ पत्र्यात रुतले होते, ते गंजत होते. एवढा लोखंडी बोल्टांवर नाक मुरडणारा मी, आणि मीच तळभर लोखंड पेरून ठेवलं होतं. ते काढायला दोन दिवस गेले, स्टेनलेसचा नवा हातब्रश घेऊन, जो फक्त ॲल्युमिनियमलाच वापरायचा असं त्याच्या मुठीवर लिहून.

दुसरी चूक नऊ रिव्हेटची. दुकानात मिळतात ते साधे पॉप रिव्हेट मी गनने मारले आणि वरून बाथरूमचं सिलिकॉन लावलं. साध्या पॉप रिव्हेटच्या मधोमध खिळ्याची नळी असते. खिळा तुटला की ती नळी उघडी राहते. म्हणजे गळणारा रिव्हेट काढून मी तिथे छोटा पाइप बसवला होता. सिलिकॉन सोलून निघालं, आणि जिथे ते लागलं होतं तिथे पुढे प्रायमर धरेना.

चाचा

चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथे वर्षानुवर्षं बसगाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या रिव्हेटवर बांधल्या गेल्या. आता गाड्यांची बांधणी पोलादी सांगाड्याकडे वळली आहे, पण तो हात असलेली निवृत्त माणसं शहरात अजून आहेत. धाकट्याच्या कंपनीतल्या एकाचे सासरे त्यातलेच. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. बोटीभोवती एक फेरी मारून त्यांनी माझ्या नऊ पॉप रिव्हेटांवर नख वाजवलं आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला पुरलं.

त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पानी भरो."

बोट पाण्यात सोडून गळती बघायला गेलं तर पाणी आत येतं, वाहतं, तळाशी जमतं आणि कुठून आलं ते कळत नाही. उलट बोट जमिनीवर उचलून धरायची, आत पाणी भरायचं आणि खाली झोपून बघायचं. जिथून थेंब लोंबेल तो रिव्हेट.

कणा आणि बरगड्या बरोबर टेकतील अशा लाकडी घोड्यांवर बोट ठेवली. पाण्याचं वजन लहान नसतं, अर्धी बोट भरली तरी पत्रा वाकतो. चार-पाच बोटं उंचीचं पाणी पुरतं. आमच्या बोटीला तेवढ्यासाठी साधारण तीनशे लिटर लागलं. अन् महिना मे. गावाला टँकर चालू. थोरला दोन ड्रम घेऊन निघाला तशी शेजारच्या मावशी ओट्यावरून कडाडल्या, "मान्साला प्यायला न्हाई आन् बोटीला पाजायलेत व्हय!"

त्यांचं बरोबर होतं. टँकरच्या पाण्याला हात लावायचा नाही असं तिथेच ठरलं. धाकट्यानं बैलगाडीवर ड्रम बांधून ओसरलेल्या काठावरून गढूळ पाणी आणलं. काम झाल्यावर तळाचं बूच काढून तेच पाणी मावशींच्या म्हशींच्या हौदात सोडलं. गढूळ पाण्याचा एक फायदाही झाला: थेंब सुकला की मातीचा बारीक डाग मागे राहायचा, म्हणजे खूण आपोआप.

खाली पोतं अंथरून चाचा उताणे झोपले. मी खडूचे वर्तुळ काढत गेलो. वीस मिनिटांनी मोजले, सत्तावन्न. त्यातले बहुतेक कण्याच्या मागच्या अर्ध्यात आणि मधल्या बाकाखाली, जिथे बोट लाटेवर आपटते. नऊच्या नऊ पॉप रिव्हेट त्यात होते, हे वेगळं सांगायला नको.

पुढचे तीन दिवस ठोकाठोकीचे. आतून डॉली, म्हणजे लोखंडाचा जड गुळगुळीत ठोकळा, रिव्हेटच्या टोकावर दाबून धरायची आणि बाहेरून डोक्यावर हातोडी. माणसं दोन लागतात आणि ती एकमेकांना दिसत नाहीत. मी आत वाकून डॉली धरायचो, चाचा बाहेरून दोन टकटक करायचे, मी एक टक करून "धरली" म्हणून सांगायचो, मग घाव. पहिल्या दिवशी मी जोर लावत होतो. ते म्हणाले, "मारो मत, बिठाव." दोन-तीन घावांनंतर आवाज बदलतो. आधी भांड्यासारखा पोकळ, रिव्हेट बसला की दगडावर ठोकल्यासारखा भरीव. तो आवाज ऐकू आला की थांबायचं. पुढे एक घाव जास्त पडला तर पत्र्याचं भोक लांबोळं होतं.

चौतीस रिव्हेट असे बसले. तेवीस काढावे लागले. सोळा ठिकाणी भरीव ॲल्युमिनियमचे नवे रिव्हेट मारले. पत्र्याबाहेर दांडा व्यासाच्या दीडपट उरेल एवढी लांबी घ्यायची, हे चाचांचं माप. उरलेल्या सात जागी डॉली पोचतच नव्हती, तिथे बंद टोकाचे पॉप रिव्हेट लावले. ते गावात मिळत नाहीत, मागवावे लागले. प्रत्येकाखाली पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा ठिपका. बोल्टांची चार भोकं आणि वेल्डिंगचं भोक यांना ॲल्युमिनियमच्याच पत्र्याचे ठिगळ, कडेनं रिव्हेट, मध्ये सीलंट.

बाक उघडल्यावर

हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं होतं. बोट उचलताना चार गडी घामाघूम होत होते आणि आम्ही उन्हाला दोष देत होतो. चेन-पुलीच्या काट्याला टांगली तेव्हा 128 किलो भरली. चाचांनी बाकावर थाप मारली आणि म्हणाले, आत पाणी आहे.

बाकांच्या पेटीत फोम भरलेला असतो, बोट बुडाली तरी तरंगत राहावी म्हणून. मधल्या बाकाचं झाकण काढलं तर तो फोम स्पंजासारखा झालेला. हातात घेऊन पिळला, मनगटावरून काळं पाणी ओघळलं. बुडू नये म्हणून भरलेली वस्तूच बोटीला खाली ओढत होती. फोम काढून मोजलं, 97 किलो.

नवीन काय भरायचं यावर बराच खल झाला. थर्माकोल घरातच होतं, पण पेट्रोल सांडलं की ते विरघळतं, आणि दाणेदार असल्यामुळे काळानं पाणी धरतं. छताच्या उष्णतारोधनाला वापरतात ते बंद पेशींचे कडक फोमचे तक्ते घेतले. पेट्रोल त्यालाही सोसत नाही, पण पाणी फारच कमी धरतो. हिशोब सोपा आहे. एक लिटर फोम साधारण एक किलो तोलतो. ॲल्युमिनियम पाण्यात बुडालं की त्याचं वजन जवळपास साठ-त्रेसष्ट टक्क्यांवर येतं, म्हणजे नुसत्या बोटीला साठ लिटर पुरे. कडेला धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणि सामानासाठी धरून आम्ही दीडशेच्या आसपास भरला. तळाशी बोटभर जागा मोकळी ठेवली, पाणी शिरलं तर बुचाकडे वाहून जावं म्हणून.

इंजिनाचा निर्णय

मागचा तक्ता नव्यानं केला. मरीन प्लाय, 19 मिलिमीटरचे दोन थर चिकटवून, कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सी, स्टेनलेसचे बोल्ट नायलॉनच्या वॉशरवर. सुताराकडे औषध मारलेलं लाकूड होतं, तो स्वस्तात देत होता. त्या औषधांत बहुधा तांबं असतं आणि तांबं ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षाही वाईट, म्हणून ते नाकारलं.

तक्ता इंजिनाला पेलेल असा झाला, पण इंजिन लावलं नाही. त्यामागे थोरल्याचा हट्ट नव्हता. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. इथे इंजिन लावून हौसेनं भटकणं हा परवानगीचा मामला, आणि रोहित थव्यानं उतरले असताना त्यांच्यात इंजिन घालणं हा अकलेचा. शिवाय माणसांचं गणितही बसत नव्हतं. अशा बोटीसाठी एक ठोकताळा आहे, फुटांतली लांबी गुणिले रुंदी भागिले पंधरा. आमचं उत्तर चार. धाकट्याच्या मित्रमंडळींची यादी सातची होती.

तो दोन दिवस रुसला. मग वल्ही मापात करून घेण्याचं काम त्यानंच अंगावर घेतलं.

काय झालं

2024 च्या पावसाळ्यात वरून पाणी आलं, सप्टेंबरमध्ये धरणाचे दरवाजे उघडावे लागले. त्याआधीच, ऑगस्टच्या शेवटी, बोट पाण्यात गेली. पहिला प्रयोग मुद्दाम बुडवण्याचा. कमरेएवढ्या पाण्यात दोघे भाऊ आत बसले आणि बादलीनं बोट भरून टाकली. कड पाण्याच्या पातळीला आली, पण ती खाली गेली नाही. वडील काठावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हात वर केला, बस्स.

खर्च एकूण अठरा हजारांच्या आत राहिला. त्यात चाचांची मजुरी नाही. त्यांनी पैसे नाकारले, दोन किलोची मरळ मात्र घेतली.

वापरात आल्यावर दोन गोष्टी कळल्या, ज्या वर्कशॉपमध्ये कधीच कळल्या नसत्या. एक, ही बोट वाजते. वल्हं कडेला लागलं, भांडं तळाला लागलं की टण्णकन आवाज पाण्यात जातो आणि मासा हलतो. थोरल्यानं आत गोणपाट अंथरलं. महिन्याभरात गोणपाटाखाली रंग फुगला, कारण ओलं गोणपाट पत्र्याला चोवीस तास धरून बसतं. आता भोकाची रबरी मॅट आहे, संध्याकाळी काढून कडेवर टाकतात. दुसरी गोष्ट उन्हाची. आतून मी फिकट राखाडी रंग दिला होता, चकाकी डोळ्यात जाऊ नये म्हणून, पण एप्रिलच्या दुपारी बाकावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. दुपारी कुणी जातही नाही. पहाटे चारला निघायचं, ऊन चढायच्या आत परत. धाकटा सुट्टीला आला की मुलीला घेऊन त्याच फेरीला जातो. ती पुढे नाळेत बसते, तंगूस जाळं वर येताना कटला निघाला की चिलापी, हे आधी ओळखायची तिची आणि काकाची पैज असते.

पुन्हा करायचं तर

बाक आधी उघडीन. वजन पहिल्या दिवशी करीन. लोखंडी ब्रश त्या अंगणात येऊ देणार नाही. रंगाच्या बाबतीत तळ कोराच ठेवला ते बरोबर ठरलं. गोड्या पाण्यात ॲल्युमिनियम स्वतःची साय धरतं, वर्षानंतरही तळ फक्त मळकट झालाय. आतला रंग मात्र मी घाईनं दिला. एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्यावर रंग धरावा म्हणून आधी मारायचा हात, नीट सुकू दिला असता तर गोणपाटानं इतकं बिघडवलं नसतं.

डाव्या बाजूचं मोठं भोक ठिगळानं बंद केलं, ते आजही कोरडं आहे, तरी तिथे टिगवाल्याला एकदा दाखवायला हवं होतं. सांध्यापासून ते हातभर दूर होतं, आच रिव्हेटपर्यंत पोचली नसती. वेल्डिंग नको हे एकदा मनात बसल्यावर मी त्या एका जागेचा वेगळा विचारच केला नाही.

कण्याच्या मागच्या टोकाला एक गळती राहिली आहे. रात्रभरात पेलाभर पाणी जमतं. थोरला सकाळी स्पंजानं टिपून घेतो आणि तक्रार करत नाही. मला ते खटकतं. उन्हाळ्यात पाणी ओसरून बोट वर आली की पुन्हा भरून बघायचं ठरलंय. चाचांना फोन केला होता. म्हणाले, पाणी तुम्ही आणा, डॉली माझ्याकडे आहे.